रिटर्न टू मंकी आयलंड : शेवट पटला का तुम्हाला?

एरंडवणेकर

आधीच सांगतो, या धाग्यात शेवटासकट सगळं फोडलंय. ज्यांचा गेम अजून व्हायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं, आणि संपवून झाला की नक्की यावं.

काल रात्री पावणेदोनला संपवला. १९ सप्टेंबर २०२२ ला आला त्या दिवशीच घेतला होता, पण रोज तासभरच, असा पुरवून पुरवून खेळलो. संपल्यावर लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. झोप लागण्यातली नव्हती. ज्या गोष्टीची ३१ वर्षं वाट पाहिली ती संपली होती, आणि ती ज्या तऱ्हेने संपली त्यावरून लोक एकमेकांच्या उरावर बसलेत. मला तो शेवट पूर्ण पटला. का पटला ते लिहितो, पण नाही पटला त्यांचंही ऐकायचं आहे.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. पहिला भाग १९९० चा, लुकासफिल्म गेम्सचा. कर्ता रॉन गिल्बर्ट, आणि लिहायला बरोबर डेव्ह ग्रॉसमन आणि टिम शेफर. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक पोरगा मेले बेटावर उतरतो आणि म्हणतो, मला समुद्री चाचा व्हायचंय. अंगात बळ नाही, तलवार धरता येत नाही. येतं काय, तर दहा मिनिटं श्वास रोखून धरता येतो. एवढ्या भांडवलावर तो लचक नावाच्या चाच्याच्या भुताला पुरून उरतो. १९९१ च्या दुसऱ्या भागाचा शेवट मात्र चक्रावून टाकणारा. लचक म्हणतो मी तुझा भाऊ, आणि पुढच्याच क्षणी दोघं लहान मुलं होऊन एका अम्युझमेंट पार्कात आईवडिलांसमोर उभी असतात. म्हणजे सगळा खेळच होता? की हीच लचकची करणी? उत्तर न देता गिल्बर्ट १९९२ मध्ये कंपनी सोडून गेला. पुढे १९९७, २००० आणि २००९ साली इतरांनी भाग काढले, त्यातले काही झकास होते, पण त्या प्रश्नाला कुणी सरळ हात घातला नाही. आणि ‘मंकी आयलंडचं गुपित’ म्हणजे नक्की काय, हा पहिल्या भागाच्या नावातला प्रश्न तर तसाच लोंबकळत राहिला.

मी हे दोन्ही भाग १९९३ च्या सुमारास काकांच्या नारायण पेठेतल्या डीटीपीच्या ऑफिसात खेळलो. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं. आठनंतर लग्नपत्रिकांचं काम आवरलं की काका मशीन आमच्या ताब्यात द्यायचे, माझ्या आणि दादाच्या. मॉनिटर काळा-पांढरा. मेले बेटावर कायम रात्र असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती रात्र निळी आहे हे मला तीन वर्षांनी कळलं, घरी रंगीत मॉनिटर आला तेव्हा. तोवर माझ्या लेखी ते बेट राखाडी होतं आणि तसंच सुंदर होतं.

दुसऱ्या भागाच्या शेवटानंतर दादा खुर्चीवरून उठला तो थेट बाहेर जाऊन पायरीवर बसला. म्हणाला, “फसवलं रे आपल्याला.” मला मात्र तसं वाटलं नव्हतं, पण का नाही ते तेव्हा सांगता येत नव्हतं. काल सांगता आलं.

नवा भाग तिथूनच सुरू होतो, त्याच पार्कातून. पण ती मुलं वेगळी निघतात. ती गायब्रशचा मुलगा आणि त्याचे मित्र आहेत, आपल्या बापाची गोष्ट खेळून बघतायत. बाप एका बाकावर बसलाय. पोरगं शेजारी येऊन बसतं आणि बाप सांगायला लागतो, मला गुपित कसं सापडलं त्याची गोष्ट. आपण जे तासन्‌तास खेळतो ते सगळं त्या बाकावरचं सांगणं आहे.

आमची आजी श्रावणात शुक्रवारची कहाणी सांगायची. “आटपाट नगर होतं” पासून “साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण” पर्यंत. ते नगर कुठल्या तालुक्यात होतं असं आम्ही कधी विचारलं नाही. सगळी भावंडं हातात तांदळाचे दाणे घेऊन बसायची, आणि संपलं की दाणे वाहायची. कहाणी खरी असायची कारण आजी ती सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो. गिल्बर्ट आणि ग्रॉसमनने या गेममध्ये नेमकं हेच केलंय असं मला वाटतं. गुपिताच्या पेटीत काय होतं याला महत्त्व आहेच, पण पोरगं विचारतं तेव्हा बाप काय सांगतो, ते तिथे तुम्ही निवडायचं असतं. गोष्ट पुढच्याच्या हातात दिली जाते.

बोला आता.

दर्यावर्दी

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मला फसवल्यासारखंच वाटलं. तुमच्या दादाच्या शेजारी त्या पायरीवर मलाही जागा ठेवा.

या गेमच्या चौथ्या अंकात सोन्याच्या किल्ल्या गोळा करायला जहाज घेऊन बेटामागून बेटं पालथी घातली. लचकच्या जहाजावर चोरून काम केलं. शेवटी त्या माकडाच्या डोक्याखाली उतरलो, दार उघडलं, आणि दारापलीकडे काय? मेले बेटाची गल्ली, आणि तिथली सगळी माणसं यंत्राच्या बाहुल्या. मालिकेतला तो विक्रेता स्टॅन किल्ल्या हातात देतो. पेटी उघडली तर आत टी-शर्ट. मंकी आयलंडचं गुपित शोधलं आणि मिळाला काय तर हा शर्ट, असं छापलेला.

मी मूळचा देवगडकडचा, आता धायरीत राहतो. आमच्याकडे दशावतारी नाटक पहाटेपर्यंत चालतं. संकासुर रंगात आलेला असताना कुणी मंडपातले दिवे लावून “हा बघा, हा आपला अमुक गाववाला” असं ओरडलं तर त्याला लोक चोपतील. गिल्बर्टने तेच केलं. प्रयोग ऐन रंगात आणि याने दिवे लावले.

कहाणीचा मुद्दा चांगला आहे, पण कहाणीत शेवटी देवी पावते. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. वसा घेतला तर फळ मिळतं. ३१ वर्षांचा वसा होता हो हा.

कोथरूडकरीण

दर्यावर्दी, दिव्यांचं तुम्ही बरं काढलंत. त्या गल्लीत स्टॅन किल्ल्या देऊन काय सांगतो आठवा. जाताना दिवे मालवून जा. कुणी तुमच्या तोंडावर दिवे लावलेले नाहीत. मालवायचं काम तुमच्यावर सोपवलंय, हवं तर, तुमच्या सवडीने. मी एकेक दिवा विझवत गेले आणि प्रत्येकापाशी थांबले. मला तो निरोप वाटला. एखादं जुनं घर रिकामं करताना शेवटची खोली बंद करतो ना आपण, तसं.

आणि मला सगळ्यात जास्त लागलेला प्रसंग त्याच्याही आधीचा आहे, तो तुम्हा दोघांच्याही लिहिण्यात आला नाही. गायब्रशची बायको इलेन आणि तो चालत चालत निघालेत आणि ती त्याला एकेक गोष्ट विचारते. या गुपिताच्या नादात तू कुणाकुणाचं काय काय मोडलंस. आवाज चढवत नाही, रडत नाही, नुसतं विचारते. मी माउसवरून हात काढून घेतला. गेले पंधरा दिवस मीच तर ते सगळं केलं होतं, एक कोडं सुटतंय या आनंदात. लिंबं वाटत फिरणारी, लोकांना स्कर्व्हीतून वाचवू बघणारी बायको एकीकडे, आणि एका पेटीपायी सगळ्यांना वापरून घेणारा नवरा दुसरीकडे. लचकही त्याच पेटीसाठी वेडा झालाय. दोघांमध्ये फरक किती उरला, हा प्रश्न आधीच्या कुठल्याच भागाने विचारला नव्हता.

तेव्हा टी-शर्ट का, तर म्हणून. त्या पेटीत खरंच मोठा खजिना निघाला असता तर त्याने केलेलं सगळं योग्य ठरलं असतं.

एरंडवणेकर

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तुम्ही म्हणता तो प्रसंग आज रात्री परत बघतो.

फ्लॉपीवाला

धागा वाचून राहवलं नाही. थोडं जुनं लिहितो, चालवून घ्या.

माझ्याकडे पहिला भाग एका मित्राच्या मित्राकडून आला, नक्कल केलेल्या फ्लॉप्यांवर. तेव्हा पुण्यात विकत कुठे मिळतो हेच माहीत नव्हतं. गेम सुरू झाला की एका चाच्याचा चेहरा यायचा आणि एका बेटाचं नाव, आणि विचारायचा, याला तिथे कोणत्या साली फाशी दिली? उत्तर खऱ्या खोक्यातल्या पुठ्ठ्याच्या चक्रावर असायचं. दोन गोल तबकड्या, एकीवर चेहऱ्याचा वरचा अर्धा, दुसरीवर खालचा अर्धा. फिरवून चेहरा जुळवायचा की खिडकीत साल दिसतं. आमच्याकडे त्या चक्राची झेरॉक्स होती, तीही झेरॉक्सची झेरॉक्स, डोळे कुठे आणि मिशा कुठे ते कळायचं नाही. मी आणि बहिणीने लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर ती चिकटवली, खिडक्या ब्लेडने कापल्या, मधोमध टाचणी मारली आणि मागून खोडरबराचा तुकडा लावला. ते चक्र अजून आहे माझ्याकडे. टाचणी गंजलीय.

दुसरी आठवण. जंगलात झाडाचा एक बुंधा आहे. त्याच्या भोकातून आत शिरायला गेलं की गेम म्हणतो २२ नंबरची डिस्क घाला. मग ३६. मग ११४. ही बनवणाऱ्यांनी केलेली थट्टा होती. पण आम्ही आठवडाभर असं धरून चाललो होतो की मित्राने डिस्का पूर्ण दिल्याच नाहीत, आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नाही. अमेरिकेतसुद्धा लोक कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून विचारायचे म्हणे, इतके की पुढच्या सीडीच्या आवृत्तीत तो बुंधा काढून टाकावा लागला.

आता मुद्द्याचं. शेवट पटला की नाही? मला पार्क दिसताच आनंद झाला. गिल्बर्टने अनेकदा सांगितलंय की या मालिकेचं मूळ डिस्नेलँडमधल्या चाच्यांच्या सफरीत आहे. होडीत बसून जाताना त्याला वाटायचं, इथे उतरून फिरता आलं तर? म्हणजे पहिल्या दिवसापासून ते पार्कच होतं. लोक म्हणतात त्याने आयत्या वेळी टोपी फिरवली. मला तर तो निघाला होता तिथेच परत आलेला दिसतो.

दर्यावर्दी

मूळ कल्पना काय होती याच्याशी मला देणंघेणं नाही. आंब्याची बाठ आधीपासून आत असते म्हणून कुणी बाठ खायला देत नाही.

चक्राचा फोटो टाका ना पण. ते बघायला आवडेल.

चित्रवेडी

मला शेवटाबद्दल नाही, चित्रांबद्दल लिहायचंय, कारण दुसऱ्या एका गटात या विषयावर वाचून मन फार खट्टू झालं.

मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. जूनमध्ये ट्रेलर आला तेव्हापासून लोक तुटून पडलेत. कागद कापून चिकटवल्यासारखं आहे, माणसांची नाकं टोकदार आहेत, हा आमचा गायब्रश नाहीच. इतकं घाणेरडं बोलले की गिल्बर्टने स्वतःच्या ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया बंद केल्या. ज्याच्या गोष्टीची वाट बघत आपण म्हातारे झालो, त्यालाच बोलता येऊ नये अशी वेळ आणली. आवडलं नाही म्हणायला कुणाची ना नाही. पण ही कोणती रीत?

मुळात ‘आमचा’ गायब्रश कोणता? पहिला भाग आधी १६ रंगांत निघाला, मग २५६ रंगांत. १९९७ चा तिसरा भाग पूर्ण कार्टून फिल्मसारखा रंगवलेला. २००० चा थ्रीडी. २००९ चा वेगळाच थ्रीडी. त्याच वर्षी पहिल्या भागाची नवी आवृत्ती आली, तिथे परत वेगळी केशरचना. धागाकर्त्यांनी तर तो राखाडी पाहिला. एकही चेहरा दोनदा आलेला नाही या मालिकेत.

या भागाचा कलादिग्दर्शक रेक्स क्रोलने जे केलंय त्यात मला एक ओळखीची गोष्ट दिसली. बाजीराव रोडला केळकर संग्रहालयात पैठणच्या चित्रकथींची जुनी चित्रं आहेत. कॉलेजात असताना मी ती तासन्‌तास उतरवून काढलीत. माणसं एका बाजूने काढलेली, डोळे मोठे, हातापायांना कोन, रंग सपाट. खरं दिसावं असा प्रयत्नच नाही. कारण ते चित्र भिंतीवर टांगायला नव्हतंच. चित्रकथी माणूस ते हातात धरून गोष्ट सांगायचा, आणि बाकीचं ऐकणाऱ्याने भरून काढायचं. एरंडवणेकर म्हणतात तसं हे सगळं बाकावरचं सांगणं असेल, तर ते असंच दिसायला हवं. फोटोसारखं दिसलं असतं तर खोटं ठरलं असतं. स्कम बारच्या दारातून येणारा केशरी उजेड आणि बाहेरची जांभळी रात्र बघा एकदा थांबून. त्या एका पडद्यासाठी मी दोनदा गेम सुरू केला.

नवखा_पुणेरी

मी इथे नवीन आहे. वय १९, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मला आधीचे भाग माहीत नव्हते. हॉस्टेलच्या रूममेटने लावला होता म्हणून बसलो आणि त्याच्याआधी मीच संपवला.

सगळ्या काका-मावशींना विचारायचंय, तुम्ही पूर्वी हे मदतीशिवाय कसं खेळायचात? या भागात ती जादूटोण्यावाली बाई एक पुस्तक देते, अडलं की त्यात बघायचं, आणि ते एकदम उत्तर सांगत नाही, आधी थोडं सुचवतं. मी ते बरंच वापरलं. हे चुकीचं आहे का? एका ठिकाणी वाचलं की पुस्तक वापरणारे खरे खेळाडूच नव्हेत.

आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे, कुठल्याही वस्तूवर माउस नेला की गायब्रशच्या मनात काय आहे ते लिहून येतं. ‘उघड’, ‘उचल’ असं कोरडं नाही. त्या वाक्यांमुळे तो मला मित्रासारखा वाटायला लागला.

कोथरूडकरीण

अजिबात चुकीचं नाही, बाळा. मनातला तो किंतू काढून टाक.

पूर्वी कसं खेळायचो ते ऐक. दुसऱ्या भागात एका धबधब्याचा पंप बंद करायचा असतो. नळावर नट आहे, पाना पाहिजे. पाना अख्ख्या गेममध्ये नाही. करायचं काय, तर एका दारूच्या गुत्त्यात पियानो वाजवणारं माकड आहे, त्याच्यासमोरच्या लंबकाच्या यंत्रावर केळं ठेवायचं, माकड बघत बघत ताठ होऊन जातं, मग ते उचलून खिशात घालायचं आणि त्याला धरून नट फिरवायचा. का? कारण इंग्रजीत तशा पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. आमच्या वडिलांचं भोसरीला वर्कशॉप होतं. शंभर तऱ्हेचे पाने घरात. त्यातल्या एकालाही कुणी माकड म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मराठीत पाना तो पाना. इंग्लंडातल्या लोकांनाही ते कळलं नव्हतं म्हणतात, कारण तो अमेरिकन शब्द.

आम्ही त्या नटापाशी चार महिने बसून होतो. चार महिने! अमेरिकेत पैसे मोजून फोनवर विचारता यायचं. इथून कोण करणार? त्यात गुरुवारी वीज जायची आणि सेव्ह केलं नसेल तर सगळं पहिल्यापासून. शेवटी मावसभाऊ अटलांटाहून आला, त्याने येता येता उत्तर आणलं. मी इतकी चिडले की महिनाभर गेमला हात लावला नाही. तो काही अभिमानाचा भाग नव्हता, नुसती अडचण होती. माझी लेक आता नऊ वर्षांची आहे, ती आणि मी मिळून हा भाग खेळलो. अडलं की ती म्हणायची, “आई, थोडंसंच बघूया, एकच पान.” आणि एका पानावर थांबायची. मला चार महिन्यांपेक्षा ती एक-एक पानं जास्त मोलाची वाटतात.

या भागातलं एकही कोडं शब्दाच्या खेळावर अडून बसलेलं मला आढळलं नाही. लेकीला इंग्रजी फारसं येत नसून सुटली.

तुणतुणं

मला गेम आवडला, शेवटही पटला, पण एक तक्रार आहे आणि ती कुणीच मांडली नाही म्हणून मांडतो. तलवारबाजी कुठे गेली?

पहिल्या भागातली ती कल्पना मालिकेचा प्राण आहे. तलवारीने कुणी जिंकत नाही, टोमण्याने जिंकतं. समोरच्याने गवळ्यावरून हिणवलं की तुम्ही गाईवरून परतवायचं. आधी रस्त्यात भेटेल त्या चाच्याशी हरत हरत टोमणे शिकायचे, उत्तरं शिकायची. आणि मग तलवारीच्या उस्तादीणीसमोर उभं राहिलं की ती तुम्हाला माहीत असलेला एकही टोमणा देत नाही. सगळे नवे. उत्तरं मात्र तुमच्याकडे जुनीच. जुन्या उत्तरांतलं कोणतं नव्या टोमण्याला बसतं ते तिथल्या तिथे हेरायचं.

मी शाहिरीच्या घरातला आहे. आजोबा तुरेवाल्यांचे. कलगी-तुऱ्याच्या फडात रात्रभर हेच चालायचं. समोरचा सवाल टाकतो, तो तुम्ही कधी ऐकलेला नसतो, आणि जवाब द्यायचा तो तोंडपाठ असलेल्या साठ्यातूनच. ज्याचा साठा मोठा तो जिंकत नाही. ज्याला कुठलं कुठे बसवायचं ते कळतं तो जिंकतो. आजोबांना मी १९९८ साली तो भाग शेजारी बसवून मराठीत सांगत सांगत दाखवला होता. त्यांना कॉम्प्युटरमधलं बाकी काही कळलं नाही, पण उस्तादीणीशी सामना सुरू झाला तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले. म्हणाले, “ही बाई फडावर उभी राहिलेली आहे.”

नव्या भागात हे मुख्य खेळ म्हणून नाही. उस्तादीण कार्ला आता गव्हर्नर झालीय, तिच्याकडे माफीचा बेडूक घेऊन जायचं, हे मला मनापासून आवडलं. पण एकदा, शेवटचं एकदा, तिच्यासमोर तलवार काढायला मिळायला हवी होती. एरंडवणेकर, गोष्ट पुढच्याच्या हाती द्यायची म्हणता ना? मग नवखा_पुणेरीच्या पिढीला मालिकेतली सर्वांत मोठी गोष्ट दिलीच नाही असं होतं.

एरंडवणेकर

तुणतुणं, इथे माझ्याकडे उत्तर नाही. तुमचं खरं आहे.

फ्लॉपीवाला

+१. आणि संगीताबद्दल तुमच्याकडून ऐकायचं होतं. दुसऱ्या भागात वुडटिक गावातल्या फळ्यांवरून एका दुकानातून दुसऱ्यात गेलं की धून न तुटता वाद्य बदलायचं.

तुणतुणं

त्याला आयम्यूज म्हणायचे, त्याच भागासाठी पहिल्यांदा वापरलं. मायकल लँड आणि पीटर मॅक्‌कॉनेलचं काम. गाण्याला साथ करणारा जसा गायकाची सम येईपर्यंत थांबतो आणि मगच ठेका बदलतो, तसं ते यंत्र तुम्ही दारातून आत शिरेपर्यंत थांबायचं. नव्या भागातही तेच दोघं आणि क्लिंट बजाकियन. सुरुवातीची ती धून वाजली तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो, मुलाने गेम लावला होता. दूध उतू गेलं.

दर्यावर्दी

अवांतर, पण लिहितो. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना ‘पायरेट’ शब्द ऐकला की पहिल्यांदा कान्होजी आंग्रे आठवतात. इंग्रज त्यांना आयुष्यभर पायरेट म्हणत राहिले आणि ते स्वराज्याचे सरखेल होते. लहानपणी गायब्रश मला म्हणूनच जवळचा वाटला असेल. बाकीचे ठरवतात तू कोण, आणि तू मात्र स्वतःचं नाव छातीठोकपणे सांगत फिरतोस.

आता मूळ मुद्दा. तुम्हा सगळ्यांचं वाचून काल रात्री शेवटचा भाग पुन्हा खेळलो. कोथरूडकरीण यांचा इलेनवाला प्रसंग मी पहिल्या वेळी भराभर क्लिक करत पुढे ढकलला होता, हे कबूल करतो. पेटीकडे धाव होती सगळी. या वेळी थांबून ऐकला. तो चांगला आहे. फारच चांगला.

दिवे या वेळी मीही एकेक मालवले. पेटी उघडलीच नाही. बाकावर पोराने विचारलं तेव्हा दुसरं उत्तर निवडलं. सगळे निघून गेल्यावर गायब्रश एकटा त्या बाकावर बसून राहतो ना, तिथे मीही बसून राहिलो.

तरी माझं मत बदललेलं नाही. बाहुल्या नको होत्या. कार्ला, स्टॅन, ती माणसं माझ्यासाठी लाकडाची नाहीत आणि मला ती तशी दाखवायला नको होती. एवढं माझं राहू द्या.

चित्रवेडी

राहू द्याच. माझंही एक आहे, पार्कच्या गल्लीतले रंग मला जरा घाईत केल्यासारखे वाटले.

नवखा_पुणेरी

मी काल पहिला भाग घेतला, जुना. १६ रंगांचा नाही, नव्या आवृत्तीचा, पण एक बटण दाबलं की जुनी चित्रं दिसतात. आता रस्त्यावरच्या चाच्यांकडून हरतोय. तुणतुणं काका, सांगू नका काही.

तुणतुणं

चकार शब्द काढणार नाही. हरत राहा.

कोथरूडकरीण

दर्यावर्दी, पत्र वाचलंत का?

दर्यावर्दी

कुठलं पत्र?

कोथरूडकरीण

गेम एकदा पूर्ण झाला की मिळतं. गिल्बर्ट आणि ग्रॉसमन दोघांनी मिळून लिहिलंय. सुरुवातीच्या पडद्यावर ती कात्रणवही आहे ना, आधीच्या भागांची गोष्ट सांगणारी, ती उघडा आणि शेवटपर्यंत पानं उलटा.

दर्यावर्दी

कात्रणवही मी पहिल्या दिवशी बघितली होती, मग परत उघडलीच नाही. थांबा.

हो. आहे. बरंच मोठं आहे. वाचतो आता.